कोल्हापुरातल्या चिरंजीवांची कादंबरी लिहायची असेल तर

अमर माणसांवर कादंबरी लिहायची म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा अमर माणूसच घडवायला बसतात. त्याचं वय किती, शिवकाळात तो कुठं होता, तलवार चालवतो का, डोळे कसले, आवाज कसला, आणि मग पन्नास पानं झाली तरी तो पन्हाळ्याच्या तटावर उभा राहून नुसता खाली बघत असतो, कारण त्याला करायला काहीच नसतंय. मरणच नाही म्हटल्यावर घाई कसली, आणि घाई नसली की गोष्ट हलत नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे, बाकीचं सगळं त्याच्यातनंच निघतंय: कादंबरी अमरांची असली तरी आधी मरणारं माणूस लिहा.

समजा मंगळवार पेठेत एक मावशी आहेत. वय बासष्ट, शुगर आहे, गुडघे दुखतात, खानावळ चालवतात आणि मागच्या तीन खोल्या भाड्यानं देतात. त्या खोल्यांत जे भाडेकरू राहतात ते मरत नाहीत. एवढं सुचलं तरी बास, पण लगेच भाडेकरूंकडं पळू नका. आधी एक वही घ्या आणि मावशींची चार-पाच पानं भरा. त्या सकाळी किती वाजता उठतात, डॉक्टरांनी नको म्हटलेलं काय त्या गुपचूप खातात, कपाटात कुलूप लावून काय ठेवलंय, कुणाशी बोलणं तुटलंय, आणि काय करायचं राहून गेलंय. राहून गेलेली गोष्ट फार मोठी नको. चैत्र यात्रेला जोतिबाचा डोंगर एकदा पायी चढायचा होता, खानावळीमुळं दरवर्षी राहिलं, एवढी असली तरी पुरते. आणि शेवटच्या पानावर एकच प्रश्न लिहा: ह्यांना अग्नी कोण देणार?

आपल्याकडं कुटुंब म्हणजे काय ह्याचा निकाल शेवटी त्या घाटावर लागतो. मावशींना मूलबाळ नाही, पुतण्या मुंबईला आहे तो वर्षाला एकदा फोन करतो, आणि घरात तीन-चार जण असे आहेत जे त्यांच्या हातचं रोज जेवतात पण रक्तानं कुणीच नाहीत. मग मडकं कुणी धरायचं? हा प्रश्न तुमच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असला तर मधली सगळी गंमत, भुतंखेतं, भांडणं, पूर, सगळं आपोआप एका दिशेनं जायला लागतं. वाचकाला मात्र तो प्रश्न लगेच सांगायचा नाही, त्याला तो हळूहळू स्वतःच पडला पाहिजे.

आता अमर कुठनं आणायचे

आपल्याकडं ह्याची कमी नाही. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृपाचार्य, परशुराम ही सात चिरंजीवांची, म्हणजे अमरांची नावं आजीच्या तोंडून बहुतेकांनी ऐकलेली असतात, आठवा मार्कंडेय धरतात. पण ह्या मोठ्या मंडळींना सरळ खानावळीत आणून बसवू नका. एक तर लोकांची श्रद्धा असते आणि ती जपली पाहिजे, दुसरं म्हणजे ते इतके मोठे आहेत की मावशी त्यांच्यापुढं दिसणारच नाहीत. त्यांच्याकडनं नियम घ्या, माणसं आपली करा.

नियम म्हणजे कसं, तर अश्वत्थाम्याची गोष्ट नीट बघा. आपल्याला आठवते ती कपाळावरची जखम आणि तेल मागत फिरणं. पण कृष्णानं दिलेल्या शापात खरी बोचरी गोष्ट वेगळीच आहे: तीन हजार वर्षं एकट्यानं भटकायचं, सोबत कुणी नाही आणि बोलायलाही कुणी नाही. म्हणजे शाप जगण्याचा नाही, एकटेपणाचा आहे. तुमच्या कादंबरीचं निम्मं काम इथं झालं, कारण एकटेपणा हा जर शाप असेल तर त्याच्यावरचा उतारा म्हणजे कुणीतरी रोज ‘जेवलास का’ विचारणारं. उलट मार्कंडेय बघा, सोळाव्या वर्षी मरण ठरलेलं, पोरगं शिवलिंगाला मिठी मारून बसलं आणि वाचलं, म्हणजे तिथं अमरपण हे प्रेमातनं आलं. बळी वर्षातनं एकदा आपली माणसं बघायला येतो, बलिप्रतिपदेला, तिथं अमरपण म्हणजे परत यायची ओढ. एकाच परंपरेत तीन वेगळ्या चवी आहेत, तुमच्या तीन भाडेकरूंना एकेक वाटून द्या.

भाडेकरू तीन, फार तर चार. जास्त केले तर वाचकाच्या डोक्यात नावं राहत नाहीत. मी असे घेईन.

एक पैलवान. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून घेतलं ते १९१२ साली, तिथं तो कुस्ती खेळायला उतरला आणि जिंकल्यावर कुणीतरी सहज म्हटलं ‘शंभर वर्षं जग रे पोरा’, ते जरा जास्तच लागू पडलं. शंभर उलटून गेली, तो अजून पंचविशीतलाच दिसतोय, आणि प्रत्येक पिढीतल्या वस्तादाला खोटं नाव सांगून तालमीत शिरावं लागतंय.

एक मुंजा. मुंज झाली आणि सोडमुंजीच्या आधीच गेलं असं पोरगं, पिंपळावर राहणारं. खरं तर हा अमर नाही, मेलेलाच आहे, पण त्याचं वय वाढत नाही. पिंपळ तोडला रस्त्यासाठी, म्हणून मावशींच्या गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीशेजारी येऊन राहिलाय. ह्याच्यामुळं घरात एक लहान मूल येतं, आणि लहान मूल आलं की घर बदलतंय.

एक आजी, त्या किती जुन्या आहेत हे कुणालाच माहीत नाही. त्या गावाला कोल्हापूर म्हणतच नाहीत, करवीर म्हणतात. माप सांगताना शेर आणि मण, पैसे सांगताना आणे. त्यांचं मागचं कधीच पूर्ण सांगू नका, एखादी खिडकी उघडायची आणि बंद करायची.

आणि चौथा हवाच असेल तर यमाच्या ऑफिसातला. ह्याला लोक घाबरतील असं वाटतं, पण आपल्याकडचा यम तसा नाही. नचिकेताची गोष्ट आठवा, पोरगं दारात आलं तेव्हा यम घरी नव्हता, पोरगं तीन रात्री उपाशी बसलं आणि यम परत आल्यावर त्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यानं तीन वर दिले. पाहुणा उपाशी राहिला म्हणून ओशाळणारा मृत्यूचा देव! ह्याच्यापेक्षा गोड सुरुवात कुठं मिळणार? सावित्रीनं त्याला बोलण्यात गुंतवलं तेही त्यानं ऐकून घेतलं. तेव्हा तुमचा यमदूत काळा आणि ओरडणारा नको, तो सभ्य असू दे, वहीत नीट नोंद ठेवणारा, मावशींच्या खानावळीत पहिल्या दिवशी आला तो नोंद करायला आणि ताटावर बसवला गेला. मग तो दर गुरुवारी यायला लागतो. वाचकाला माहीत असतं की हा कशाला आलाय, मावशींनाही माहीत असतं, आणि तरीसुद्धा मावशी त्याला विचारतात, ‘रस्सा तांबडा वाढू का पांढरा?’ हा प्रसंग लिहिता आला तर कादंबरी लिहिता येईल असं समजा.

जादूचा नियम एकच ठेवा, पण तो गावातनं काढा

जादूला नियम नसला की काहीही होऊ शकतंय, आणि काहीही होऊ शकत असेल तर कुणाची काळजी वाटत नाही. प्रत्येक अमरासाठी तीन गोष्टी लिहून ठेवा: तो अमर कसा झाला, त्याला काय करता येत नाही, आणि हे संपवायचं असेल तर कसं संपतं. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

कोल्हापुरात असले नियम आयते मिळतात. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात आणि एकेक दिवस वर चढत पायांवर, मग वरती आणि शेवटी मुखावर पोचतात. पोचतात म्हणजे पोचायला पाहिजेत, कारण कधी ढग येतात, कधी हवेत धूळ असते, कधी वाटेतल्या इमारतीचा अडथळा. आता नियम करा: ज्याला अमरपण सोडायचं असेल त्यानं किरण मुखावर असताना मनापासून मागायचं, तेवढ्या मिनिटांतच. बघा आता कसा ताण तयार झाला, पैलवानानं ठरवलंय, तयार होऊन देवळात उभा आहे आणि ढग आलाय. वर्षातनं दोनच वेळा संधी. आणि हा ताण तुम्ही कुठनं उसना आणला नाही, तो इथंच दरवर्षी माना वर करून बघणाऱ्या शेकडो लोकांच्या तोंडावर असतोय.

काळ मोजायला रंकाळ्याचा नंदी घ्या. लोक सांगतात की तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्यापाशी पोचेल त्या दिवशी जग बुडणार. मला ही गोष्ट लहानपणापासून फार आवडते, कारण तिच्यात भीती आहे पण घाई नाही. तुमच्या आजीबाई रोज संध्याकाळी फिरायला गेल्या की नंदीसमोर बोटं ठेवून मोजतात आणि घरी येऊन सांगतात, ‘हाय अजून येळ.’ एवढंच. हे दर दोन-तीन प्रकरणांनी येऊ दे. आणि मावशी गेल्या त्या आठवड्यात आजी नंदीकडं जात नाहीत, त्याच्यावर एक ओळही स्पष्टीकरण देऊ नका.

गंमत कुठनं येते

गमतीची कादंबरी म्हणजे विनोदी कादंबरी नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करा. भुताला बघून माणसं किंचाळत पळाली की तो तमाशा होतो, आणि भुताला बघून पात्रंच टिंगल करायला लागली की वाचक म्हणतो ह्यांनाच खरं वाटत नाही तर मला कशाला वाटेल. गंमत येते ती अद्भुत गोष्टीला रोजच्या व्यवहारात जागा दिल्यावर. कोल्हापूरकर ह्या कामाला जन्मजात लायक आहेत. शेजारच्या काकींना गच्चीवर मुंजा दिसला तर त्या काय म्हणतील? ‘मुंजा हाय व्हय? बसू दे की. जेवलाय का ते पोरगं?’ बास, ह्या एका वाक्यात भीती गेली, प्रेम आलं आणि गाव उभं राहिलं.

आणि सगळ्यात जास्त गंमत सरकारी कागदात आहे. विचार करा, मरत नाही त्या माणसाचे कागद कसे असतील? तुमच्या पैलवानाला कोल्हापूर संस्थानाच्या काळातली कसली तरी पेन्शन चालू आहे असं धरा. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, पेन्शन चालूच राहिली. आता दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, मी जिवंत आहे म्हणून. पंचविशीतला दिसणारा गडी खिडकीपाशी उभा आहे आणि कागदावर जन्मसाल अठराशे नव्वद. म्हणून दरवर्षी मावशी त्याचा ‘पणतू’ म्हणून ओळख करून देतात आणि ‘आजोबा झोपून असतात हो’ असं सांगून अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस घरी बोलावतात आणि मग घरात अंथरुणावर कुणाला झोपवायचं ह्याच्यावरनं भांडण. हयातीचा दाखला आणि किरणोत्सव दोन्ही नोव्हेंबरात येतात हे लक्षात घ्या: एकाच आठवड्यात त्याला बँकेत सिद्ध करायचंय की मी जिवंत आहे, आणि देवळात मागायचंय की मला मरण दे. असली जोडी सुचून येत नाही, कॅलेंडर समोर ठेवून बसलं की सापडते.

रेशनकार्ड पण असंच. मावशी ज्या दिवशी तिघांची नावं आपल्या रेशनकार्डावर चढवायला निघतात तो दिवस म्हणजे तुमच्या कादंबरीतलं दत्तकविधान. ‘नातं काय?’ असं काउंटरवर विचारलं जाणार. मावशी काय उत्तर देतील ते लिहा, पण भाषण नको. ‘घरचीच हाईत’ एवढं म्हणून त्यांनी पिशवीतनं पुढचा कागद काढला पाहिजे.

जोडलेलं घर हे कामातनं दाखवायचं

जोडलेली माणसं ह्या विषयावर लिहिताना सगळ्यात मोठा मोह असतो तो सगळ्यांना गोल बसवून ‘आपणच एकमेकांचं कुटुंब’ म्हणायला लावायचा. नका करू. कुणी तसं बोलत नाही, निदान आमच्याकडं तरी नाही. प्रेम दाखवायचं ते कामातनं. कोण भांडी घासतंय, कोण गॅसचा नंबर लावतंय, मावशींच्या शुगरच्या गोळ्या संपल्यात हे कुणाच्या लक्षात येतंय, पहाटे दळण कुणी नेलं. पैलवान पहिल्या प्रकरणात ताट उचलत नाही, पाचव्यात स्वतःचं उचलतो, आठव्यात सगळ्यांची उचलतो, आणि कुणी त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नाही. वाचकाला कळतं, शंभर टक्के कळतं.

ह्या बाबतीत कोल्हापूरनं तुमच्यासाठी फार करून ठेवलंय. तालीम बघा, तालीम म्हणजे काय तर खेड्यातनं आलेली पोरं, एक वस्ताद, एकच चूल, लाल माती. वस्तादानं कान धरला तर बापानं धरल्यासारखाच असतो. पेठेतल्या तालमीची माणसं फुटबॉल मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमवर कशी एका आवाजात ओरडतात ते बघून या, मग पेठ म्हणजे घर हे कुणाला समजावायला लागणार नाही. त्याच्याही पुढं बोर्डिंग. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, घरापासून लांब आलेल्या पोरांना राहायला आणि शिकायला जागा मिळाली. परकी पोरं एका छताखाली आणून त्यांचं घर करणं हे ह्या गावानं शंभर वर्षांपूर्वीच केलंय. तुमचा पैलवान तेव्हा होता. महाराजांना त्यानं लांबनं का होईना पाहिलंय. मग ६ मे २०२२ ला, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं, तो प्रसंग तुमच्या कादंबरीत यायलाच पाहिजे. सगळं गाव थांबलंय, रिक्षा थांबल्यात, माणसं उभी आहेत, आणि त्या गर्दीत एकच जण असा आहे ज्याला महाराजांचा आवाज आठवतोय आणि तो कुणाला सांगू शकत नाही. मावशी त्याच्या शेजारी उभ्या आहेत आणि त्यांना माहीत आहे. अमरपणाचं दुःख दाखवायला ह्यापेक्षा मोठा प्रसंग मला तरी सुचत नाही.

भांडण पण हवं. नुसतं गोड घर खोटं वाटतं. भांडणासाठी त्र्यंबोलीची गोष्ट मनात ठेवा, टेंबलाई म्हणतो आपण तीच. असुराला मारायला मदत तिनं केली आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहिलं, म्हणून रुसून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई स्वतः तिला भेटायला गेली. अजून ललिता पंचमीला पालखी टेंबलाईला जाते आणि कोहळा फुटतो. म्हणजे ह्या गावची देवीसुद्धा दरवर्षी मैत्रिणीची समजूत काढायला चालत जाते. तुमच्या घरातला रुसवा असाच साधा असू दे, कुणाला तरी बोलवायचं राहिलं, आणि समजूत काढायला मोठ्या माणसानं उठून जायचं.

हाकेचं पण बघा. पैलवान मावशींपेक्षा साठ-सत्तर वर्षांनी मोठा आहे, तरी तो त्यांना मावशीच म्हणणार आणि त्या त्याला ‘लेकरा’ म्हणणार. कुठल्या प्रकरणात कोण कुणाला अहो वरनं अरे वर आलं ह्याची वेगळी यादी ठेवा. आजीबाई मावशींना पहिल्यांदा ‘पोरी’ म्हणतात ते कादंबरीच्या मध्यावर आलं तर फार भारी बसतं.

वर्षाचा सांगाडा

प्लॉट कसा रचायचा म्हणून जास्त डोकं लावू नका. एक वर्ष घ्या आणि गावाच्या कॅलेंडरवर सोडून द्या. आषाढात नवीन पाणी घेऊन पी ढबाक वाद्याच्या तालावर टेंबलाईला जायचं, तिथं घरची ओळख. मग पाऊस. पाऊस म्हटल्यावर सगळ्या गावाचा एकच विषय, मच्छिंद्री झाली का, म्हणजे पंचगंगेचं पाणी पुलाच्या खुणेपर्यंत चढलं का, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत आलं. पुराचं प्रकरण नीट, वेळ देऊन लिहा, कारण पुरात अमर माणसांची खरी परीक्षा आहे. पाण्यात उडी घ्यायला त्यांना भीती नाही, मग ते हिरो आहेत का? मावशी गुडघे धरत जिना चढून शंभर माणसांच्या भाकऱ्या थापतात, त्यांना सगळीच भीती आहे. पैलवानाला तिथं पहिल्यांदा कळतं की धाडस मरणाऱ्या माणसाकडंच असू शकतं. हे त्याच्या तोंडून वदवू नका, त्याला भाकऱ्यांचं पीठ मळायला बसवा.

मग नवरात्र, ललिता पंचमी, रुसवा आणि समजूत. नोव्हेंबरात दाखला आणि किरणोत्सव, तिथं ढग. थंडीत एक निवांत प्रकरण घ्या, शेताकडच्या गुऱ्हाळावर सगळे जातात, काहिलीत रस उकळतोय, गुळव्या फेस बघून सांगतोय आता उतरवा. ह्या प्रकरणात काही घडायची गरज नाही, वाचकाला त्या सगळ्यांच्या सोबत एक दिवस आनंदात घालवू द्या, पुढचं सोसायला तो लागतो. फेब्रुवारीत परत किरणोत्सव. मग होळी.

होळीला कोल्हापुरात एक गोष्ट होते ती बाहेरच्यांना माहीत नसते. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्यासाठी शेणी, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या लागतात, म्हणून मंडळं, तालमी, पेठेतली माणसं होळी लहान करून शेणी दान करतात. मावशींनी पण दरवर्षी दिल्यात. त्या ह्या होळीला हातगाडीवर शेणी रचताना पैलवानाला सांगतात, ‘ह्यातल्याच माझ्या कामाला येतील बघ.’ सहज सांगतात, आणि पुढच्या कामाला लागतात. इतका मोकळेपणा मरणाविषयी गावात आहे तो कादंबरीत आला पाहिजे.

मरणाचं प्रकरण

मावशी जातात. होळी आणि चैत्र यात्रेच्या मध्ये. हे बदलायचं नाही. तुम्हाला फार वाईट वाटेल, घरात भूत चालतंय, यमदूत ओळखीचा झालाय, मग मावशींना ठेवलं तर काय बिघडलं असं मन म्हणेल. बिघडतं. त्या परत आल्या, भूत होऊन आल्या, कुणी आपलं आयुष्य देऊन त्यांना वाचवलं, ह्यातलं काहीही केलं तरी आधीच्या अडीचशे पानांतली प्रत्येक भाकरी फुकट गेली. म्हणून पहिल्याच चार प्रकरणांत नियम सांगून टाका: ज्याचं इथं काही अडकलेलं नाही त्याचं भूत होत नाही. मुंजाकडनं सांगा, त्याला माहीत असणार.

अमर व्हायची संधी मात्र मावशींना एकदा मिळाली पाहिजे, आणि ती त्यांनी नाकारली पाहिजे. कारण तत्त्वज्ञानाचं नको. ययातीनं मुलाचं तारुण्य मागून घेतलं होतं, आणि इथं पैलवान आपणहून म्हणतो माझी वर्षं घ्या. मावशी म्हणतात, ‘मला आणि किती भाकऱ्या थापायला लावतोस रे? दमलो मी.’ आमच्याकडच्या बायका दमलो, गेलतो, आलतो असंच बोलतात, ते तसंच ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका. दमणं हे पण एक खरं कारण आहे आणि वाचकाला ते पटतं कारण त्यानं पुरात ते बघितलंय.

घाटावरचं प्रकरण लिहिताना बारीक गोष्टी अचूक पाहिजेत. मडकं धरायच्या वेळी पुतण्या पोचलेला नाही, भटजी विचारतात कोण आहे घरचं, आणि सगळे पैलवानाकडं बघतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. नैवेद्य ठेवलाय आणि कावळा शिवत नाही. इथं आपल्या माणसांना काही समजवावं लागत नाही, प्रत्येकाच्या घरात ती मिनिटं होऊन गेलेली असतात, सगळे झाडाकडं बघत उभे आणि कुणीतरी पुढं होऊन काहीतरी कबूल करतंय. तुमचे अमर एकेक करून पुढं होऊ देत. पैलवान मोठं मोठं सांगतो, नाव राखीन, देऊळ बांधीन. कावळा हलत नाही. यमदूत बाजूला उभा आहे, त्याला नियमानं मदत करता येत नाही. शेवटी मुंजा हळूच म्हणतो, ‘जोतिबाला तुमची चप्पल घिऊन जातो आम्ही, चालत.’ कावळा आला. लिहिताना तुम्ही रडला तर थांबा, पाणी प्या, पण वाक्य वाढवू नका.

हे प्रकरण पुस्तकाच्या तीन चतुर्थांशावर ठेवा, शेवटी नाही. उरलेली पानं मागं राहिलेल्यांची. खानावळ सोमवारी उघडायची का, रस्सा कुणी करायचा, चव चुकते, गिऱ्हाईक बोलत नाहीत पण कळतंय. चैत्रात सासनकाठ्यांच्या गर्दीत, गुलालात, हे चौघं पायी डोंगर चढतात. आणि पैलवानाला पुढच्या नोव्हेंबरात मागायचं ते मागायचं की नाही हे ठरवायचंय. मी असतो तर त्याला मागायला लावलं असतं, आणि पुढं एका सकाळी त्याचा गुडघा दुखायला लागतो ह्याचा त्याला झालेला आनंद दोन पानं लिहिला असता. तुम्हाला उलटं वाटत असेल, त्यानं खानावळ सांभाळायला अमरच राहावं असं वाटत असेल, तर तसं करा, पण त्याची किंमत दाखवा, कारण मग तो गिऱ्हाइकांच्या पण चार पिढ्या जाताना बघणार आहे.

लिहिताना दोन-तीन कामाच्या गोष्टी

जुन्या माणसांच्या तोंडी ‘हे बालका’ छाप भाषा घालू नका. जो माणूस शंभर वर्षं ह्याच पेठेत राहिलाय तो प्रत्येक पिढीशी बोलत आलाय, तो ‘काय भावा’ च म्हणणार. जुनेपण चुकून निसटलेल्या शब्दात दाखवायचं, शेर, आणा, पाडलेल्या वाड्याचं नाव घेऊन रिक्षावाल्याला पत्ता सांगणं. निवेदन तुम्हाला सोपं जाईल त्या भाषेत, संवाद मात्र पेठेतले.

सालांचा तक्ता भिंतीवर लावा. १९१२ ला कोण किती वर्षांचा, १९४९ ला कुठं, पुरात कुठं. एका ठिकाणी चुकलं की वाचक बोट ठेवतोच.

जागा स्वतः जाऊन बघा, आणि वेगवेगळ्या वेळी. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून दूध देतात तिथं तासभर उभं राहा, यमदूत गुरुवारी जेवण झाल्यावर इथं येत असणार ह्याची तुम्हालाच खात्री पटेल. रंकाळ्यावर उन्हाळ्यात जा आणि पावसात जा, संध्यामठ कधी दिसतो कधी बुडतो, त्याच्यात पण एक प्रकरण आहे.

पहिला खर्डा झाला की फक्त मावशींची पानं वेगळी काढून सलग वाचा, बाकी अमर, मुंजा, जादू सगळं बाजूला. तेवढ्या पानांत एका बाईचं वर्ष पूर्ण दिसलं पाहिजे. जिथं त्या बरेच दिवस दिसत नाहीत तिथं त्यांना परत आणा, फार नको, फोनवर उधारी मागताना किंवा मिरच्या वाळत घालताना. मग संवाद पेठेतल्या एखाद्या वयस्कर बाईंना मोठ्यानं वाचून दाखवा, त्या जिथं ‘असं नाही बोलत आम्ही’ म्हणतील तिथं वाद न घालता खोडा, त्या म्हणतील तसं लिहून घ्या, आणि पुढचं प्रकरण काढा.